शटर, काळा चौकोन आणि आपली नक्कल



स्मरणिकेत आठवणी पुष्कळ येतील, म्हणून मी जरा वेगळा विषय घेतो. आपल्या चित्रकलेच्या तासात एक शब्द फार चालायचा : नक्कल. ‘कॅलेंडरवरून काढलं ना? नक्कल आहे,’ असं म्हटलं की ते चित्र बाद. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसलेल्यांना आठवत असेल, तिथे स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असायचं. म्हणजे समोरची वस्तू बघून काढा, नाहीतर स्वतःच्या डोक्यातून काढा. दुसऱ्याचं चित्र बघून काढायची सोय नव्हती. घरी मात्र आपण सगळे तेच करत होतो. कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक चौकोन आखायचे, ड्रॉइंगशीटवर तेवढेच पण मोठे चौकोन आखायचे, आणि एकेक चौकोन भरत लक्ष्मी किंवा शिवाजी महाराज मोठे करायचे.

नक्कल सोडून आपल्यापुढे दुसरं होतं तरी काय? अस्सल चित्र बघायचं तर जवळात जवळ नागपूरचा अजब बंगला. मुंबईचं जहांगीर हजार किलोमीटरहून लांब. आलापल्लीत चित्र यायचं ते छापून, बारीक होऊन, बहुधा रंग उडालेलं. पाठ्यपुस्तकातला अंगठ्याएवढा ठसा, वाण्याकडचं कॅलेंडर, सिनेमाचं पोस्टर, एवढ्यावर आपली नजर तयार झाली. या लांबून, छापील चित्रावरून शिकलेल्या नजरेचं पुढे काय होतं, याबद्दल हा लेख आहे. त्यातला मुख्य माणूस मुंबईचा आहे, पण मुद्दा आपला आहे.

आधी एक जुनं उदाहरण. व्हॅन गॉग 1889 साली फ्रान्समधल्या सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयात होता. बाहेर जाऊन चित्रं काढायची मुभा नेहमी नसायची. तेव्हा त्याने मिले या आधीच्या पिढीतल्या चित्रकाराच्या चित्रांचे काळे-पांढरे छाप समोर ठेवले आणि त्यांवरून वीसेक तैलचित्रं केली. छापात रंग नव्हतेच, ते त्याने स्वतःचे घातले. हे तो चोरी मानत नव्हता. भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात त्याने वादकाची उपमा दिली आहे : रचना एकाची असते, वाजवणारा दुसरा असतो, आणि वाजवणाऱ्याला कुणी नकलाकार म्हणत नाही. आपल्याकडे तर हे समजवायलाही नको. यमनची एकच बंदिश किराण्याचा गवई गातो, ग्वाल्हेरचा गातो, जयपूरचा गातो, आणि आपण तिघांनाही दाद देतो. चित्राच्या बाबतीतच आपण एवढे सोवळे का झालो, कळत नाही.

याच व्हॅन गॉगने त्याआधी दोन वर्षं, 1887 साली, हिरोशिगे या जपानी चित्रकाराची छापील चित्रं तैलरंगात मोठी केली होती. ती मोठी करताना त्याने चौकटी आखल्या होत्या. होय, आपल्यासारख्याच!

पुढे 1957 मध्ये पिकासोने व्हेलाझ्केझचं 1656 सालचं ‘लास मेनिनास’ हे चित्र घेतलं आणि काही महिन्यांत त्या मालिकेत 58 कॅनव्हास रंगवले. थोरांची चित्रं पुन्हा काढणं ही युरोपातही जुनीच रीत आहे. पण पिकासोला मूळ चित्र माहीत होतं, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात जाऊन पाहिलेलं. ज्याने मूळ पाहिलंच नाही, त्याने पुन्हा काढायचं ठरवलं तर काय काढावं?

आता अतुल दोडिया. जन्म 1959, मुंबई, घाटकोपर. घर गुजराती, शिक्षण सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, 1982 ला पूर्ण. 1989 साली जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीतच असलेल्या केमोल्ड गॅलरीत पहिलं स्वतंत्र प्रदर्शन. चित्रं तेव्हा वास्तववादी होती, नीटस आणि शांत. मग 1991-92 मध्ये ते पॅरिसला शिकायला गेले. ज्यांची चित्रं पुस्तकांत पाहून मोठं झालो, ती तिथे भिंतीवर, पूर्ण आकारात. जेजेतल्या मुलाचंही आपल्यासारखंच होतं, हे इथे लक्षात घ्या. मुंबईत राहूनही मातिस आणि पिकासो त्याला पुस्तकांतूनच भेटले होते. फरक एवढाच की त्याच्या पुस्तकांचा कागद जरा बरा होता.

पॅरिसहून परतल्यावर त्यांच्या चित्रातली शांतता गेली. 1994 चं ‘द बॉम्बे बकानिअर’ हे चित्र पाहा. बकानिअर म्हणजे समुद्री लुटारू. आदल्या वर्षी आलेल्या ‘बाजीगर’च्या पोस्टरच्या थाटात दोडियांनी स्वतःलाच रंगवलंय. काळ्या चष्म्याच्या एका काचेत डेव्हिड हॉकनी हा इंग्रज चित्रकार, दुसरीत आपले बडोद्याचे भूपेन खख्खर, जे पेशाने हिशेबनीस होते आणि स्वतःच्या हिमतीवर चित्रकार झाले. नाव लुटारूचं आणि डोळ्यांवर दोन गुरू. सिनेमाचं पोस्टर आणि चित्रकलेचा इतिहास हे दोन्ही एकाच भिंतीवरचे कागद आहेत, असं त्या चित्रात सरळ कबूल केलेलं आहे. आठवडी बाजारात पोस्टर बघत उभं राहिलेल्या आपल्यापैकी कुणालाही ते ओळखीचं वाटेल.

त्यानंतर गांधीजींवरची जलरंगांची मालिका, 1999 साली दाखवलेली. तिच्यातलं एक चित्र 1998 चं : ‘बापू अ‍ॅट रेने ब्लॉक गॅलरी, न्यूयॉर्क – 1974’. गांधीजी 1948 ला गेले, मग 1974 मध्ये न्यूयॉर्कला कसे? 1974 मध्ये त्या गॅलरीत गेला होता योसेफ बॉइस हा जर्मन कलावंत. अंगावर नमद्याचं घोंगडं आणि हातात काठी घेऊन तो एका कायोटीबरोबर तीन दिवस एका खोलीत राहिला. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा अमेरिकेतला थोराड भाऊबंद समजा. आधुनिक कलेतला हा गाजलेला प्रयोग. दोडियांनी त्या खोलीत बापूंना नेऊन सोडलं. अंगावर पंचा, हातात काठी, अहिंसा आयुष्यभर करून पाहिलेली : बॉइसच्या आधी हा प्रयोग कुणी केला, असा त्याचा अर्थ मी लावतो.

इथे माझा एक आक्षेप आहे, तो लिहून टाकतो. हे चित्र कळायला बॉइस माहीत असावा लागतो. माहीत नसेल तर म्हातारे गांधीजी आणि एक जनावर, एवढंच दिसतं. दोडियांच्या बऱ्याच चित्रांचं असं होतं. खूण पटली तर आनंद, नाही पटली तर शेजारची पाटी वाचा. जाणकारांच्या बैठकीतला विनोद बाहेर उभ्या माणसाला ऐकू जातो, पण हसता येत नाही. आपण बाहेर उभे राहणारे लोक आहोत, म्हणून ही गोष्ट मला जास्त लागते.

पण 2000 सालच्या सुमारास त्यांनी शटर हातात घेतलं, आणि तिथे पाटीची गरज उरली नाही.

शटर म्हणजे खरोखरचं दुकानाचं शटर, गुंडाळून वर जाणारं. त्यावर बाहेरून इनॅमल रंगात एक चित्र. शटर वर केलं की आत दुसरं चित्र. 2001 साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये ‘सेंच्युरी सिटी’ नावाचं मोठं प्रदर्शन झालं, जगातल्या नऊ शहरांवर. त्यात मुंबईचा काळ धरला होता 1992 ते 2001. त्यासाठी दोडियांनी ही शटरं केली. 1992 हे साल का, ते आपल्या पिढीला सांगायला नको. डिसेंबर 92, जानेवारी 93 च्या दंगली आणि मार्चमधले बॉम्बस्फोट. त्या दिवसांत मुंबईने सर्वांत जास्त काय पाहिलं असेल, तर खाली पडलेलं शटर.

या शटराची आणि आधुनिक कलेची गाठ कुठे पडते, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण मला स्वतःला ते उशिरा दिसलं.

1915 च्या डिसेंबरात रशियात, पेत्रोग्राड शहरात, काझिमिर मालेविचने एक चित्र लावलं. पांढऱ्यावर काळा चौकोन, दुसरं काही नाही. लावलं कुठे, तर खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे रशियन घरात देवाची तसबीर असते. म्हणजे आपल्याकडे देव्हाऱ्यात कोरी पाटी ठेवावी तसं. त्याचं म्हणणं होतं की चित्रातून माणूस, झाड, देव, गोष्ट, सगळं काढून टाकल्यावर जे उरतं ते शुद्ध चित्र. पुढे पन्नास वर्षांनी अमेरिकेत मिनिमल कला म्हणून जे आलं, त्याने हीच वाट आणखी पुढे नेली. डोनाल्ड जडने सारख्या मापाच्या पेट्या एकावर एक, सारखं अंतर सोडून भिंतीवर लावल्या. काही तर साध्या जीआय पत्र्याच्या, आणि बनवल्या पत्र्याच्या कारखान्यात, कारागिरांकडून. कलावंताच्या हाताची खूण नको, गोष्ट नको. वस्तू आहे तशी बघा.

आता दुकानाचं बंद शटर डोळ्यांपुढे आणा. सारख्या रुंदीच्या लोखंडी पट्ट्या, एकीखाली एक. कारखान्यात बनलेलं, एकाच रंगाचं, कुणाच्या हाताची खूण नाही. मिनिमल कलेची सगळी कलमं त्यात बसतात. न्यूयॉर्कच्या गॅलरीत उभं केलं असतं तर कदाचित खपलंही असतं. पण मुंबईत ते नुसती वस्तू राहू शकत नाही, कारण ते खाली का आलं हा प्रश्न लगेच मनात येतो. दोडियांनी त्या कोऱ्या पट्ट्यांवर गोष्ट परत आणून रंगवली. 2010 मध्ये दिल्लीत त्यांचं याच शटरांचं प्रदर्शन झालं, त्याला नावच होतं ‘मालेविच मॅटर्स अँड अदर शटर्स’. नाव वाचताना मालेविचचं महत्त्व सांगितलंय की त्याला इतर शटरांच्या रांगेत बसवलंय, असा प्रश्न पडतो. मला वाटतं दोन्ही.

गंमत म्हणजे 2015 मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयाने काळ्या चौकोनाची किरणांनी तपासणी केली, तेव्हा काळ्या रंगाखाली आधीची दोन रंगीत चित्रं सापडली. म्हणजे ते चित्रही एका अर्थी खाली ओढलेलं शटरच निघालं.

या मालिकेतलं मला सर्वांत मोठं वाटणारं काम 2002 चं ‘महालक्ष्मी’. बाहेर शटरवर राजा रविवर्म्याच्या वळणाची लक्ष्मी, तीच जी आपण चौकटी आखून मोठी करायचो. रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या छापखान्यातून देव घरोघरी पोचले. आपल्या वाण्याकडची लक्ष्मी त्याच वंशातली. दिवाळीत हिशेबाच्या वहीवर आणि दुकानाच्या कपाळावर तीच असते. तर दोडियांचं हे शटर वर सरकतं आणि आत दिसतात गळफास घेतलेल्या बहिणी, हुंड्यापायी गेलेल्या. बाहेर लक्ष्मी, आत घरच्या लक्ष्म्या. हे समजायला बॉइसही नको आणि मालेविचही नको. आपल्या वर्गातल्या मुलींच्या लग्नांच्या याद्या ज्यांनी ऐकल्यात, त्यांना त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

आलापल्लीच्या चौकातल्या माणसाला बंद शटराबद्दल मुंबईवाल्याने फार शिकवायची गरज नाही. अहेरी, सिरोंचा, भामरागड, चंद्रपूर, सगळ्या सडका जिथे भेटतात तो आपला चौक. नक्षलवाद्यांनी बंद पुकारला की, विशेषतः जुलै अखेरच्या आणि डिसेंबरातल्या आठवड्यात, तिथली शटरं सकाळी उघडलीच जायची नाहीत. काही अर्धी असायची, जमिनीपासून दोन फूट वर, म्हणजे ओळखीच्या माणसाला मीठ-तेल मिळावं आणि सडकेवरून दुकान बंदही दिसावं. आतल्या गाड्या थांबायच्या, रस्त्यावर झाड आडवं पडल्याची बातमी यायची, आणि ओट्यावर कुणी मोठ्याने बोलायचं नाही. बंद पाळला तर एकाची नजर, नाही पाळला तर दुसऱ्याची. त्या अर्ध्या शटराचं चित्र आपल्यापैकी कुणी काढलं नाही. संकल्पचित्राच्या पेपरला आपण फुलापानांची नक्षी भरत बसलो. सुचलंच नाही, की हे चित्राचा विषय असू शकतं. पुस्तकात तसं चित्र नव्हतं ना!

आपल्या भागातल्या एकाला मात्र सुचलं. प्रभाकर पाचपुते, जन्म 1986, गाव सास्ती, तालुका राजुरा. घरची माणसं कोळशाच्या खाणीत. शिक्षण खैरागडच्या कला-संगीत विद्यापीठात, शिल्पकलेत, मग बडोद्याला. 2012 मध्ये मुंबईत क्लार्क हाऊसला पहिलं स्वतंत्र प्रदर्शन, आणि 2022 मध्ये थेट व्हेनिस बिएनाले. ते कोळशाने काढतात, अनेकदा सरळ भिंतीवर. प्रदर्शन संपलं की असं भिंतीवरचं चित्र पुसलं जातं. डोक्याच्या जागी दिवा असलेला खाणकामगार, जमीन गिळणारी यंत्रं, ओसाड शेतात उभी असलेली विचित्र जनावरं. व्हॅन गॉगही चित्रकार होण्याआधी बेल्जियमच्या कोळसाखाणीत धर्मप्रचारक म्हणून राहिला होता आणि तिथल्या मजुरांना त्याने रेखाटलं होतं. हे नातं मी माझ्या मनाने जोडतोय. पण व्हॅन गॉगने खाण बाहेरून येऊन पाहिली. पाचपुत्यांच्या घरातून माणसं रोज तिथे उतरत होती. कोळशाच्या कांडीने काळा चौकोन भरायचा झाला, तर सास्तीच्या मुलाच्या हातून तो पेत्रोग्राडचा चौकोन होणारच नाही, ती खाणच होईल.

दोडियांचं आणखी एक काम सांगतो आणि मग समितीसाठी एक सूचना करतो.

वर ज्याचं नाव आलं त्या बॉइसने 1982 साली जर्मनीतल्या कासेल गावात सात हजार ओक लावायचं काम सुरू केलं, प्रत्येक झाडाशेजारी एक दगड रोवून. तो 1986 ला वारला, शेवटचं झाड 1987 ला लागलं. (1982 म्हणजे आपला गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला ते साल.) झाडं लावणं हीच कला, असं त्याचं म्हणणं. दोडियांनी 2014 मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात प्रदर्शन केलं, त्याचं नाव ठेवलं ‘7000 म्युझियम्स : भारतीय प्रजासत्ताकासाठी एक प्रकल्प’. ओकच्या जागी संग्रहालयं. देशात गावोगावी संग्रहालय असावं, अशी ती कल्पना, कागदावरची.

आपल्याला झाडांची कमतरता नाही. वनवैभवातले साग बघायला माणसं लांबून येतात, आणि आपल्या सागाची दारं अयोध्येच्या मंदिराला गेली. संग्रहालय मात्र एकही नाही.

मेळाव्यानिमित्त शाळेला काय द्यायचं यावर आपल्यात बोलणं चालू आहे. वॉटर कूलर आणि प्रोजेक्टर ही दोन नावं पुढे आहेत. दोन्ही उपयोगी आहेत, माझा विरोध नाही. पण जमलेल्या रकमेतला थोडा भाग व्हरांड्याच्या एका भिंतीसाठी ठेवावा असं सुचवतो. त्या भिंतीवर काही चित्रांचे छाप लावू, पण मूळ मापाचे, अंगठ्याएवढे नाहीत. हिरोशिगेचा छाप लहानच असतो, तो सहज मिळेल. ‘लास मेनिनास’ तीन मीटरहून उंच आहे, ते छापणं परवडणार नाही, पण त्याची चौकट नुसती खडूने भिंतीवर आखली तरी मुलांना कळेल की पुस्तकात पाहिलं ते केवढं होतं. काळा चौकोन 79.5 सेंटिमीटरचा आहे. तो आठवीतली मुलं एका तासात रंगवतील, आणि हे काय चित्र झालं का, असा वाद घालतील. तो वाद सरांनी होऊ द्यावा.

आणि चौकातलं एखादं दुकान नवीन शटर बसवत असेल तर जुनं भंगारात जाऊ न देता मागून घ्यावं. फ्रेम आरागिरणीतल्या तुकड्यांतून होईल, सुतार आपल्याच तुकडीत दोन आहेत. त्यावर काय काढायचं ते मुलांवर सोडू. आकाराचा प्रश्न येणार नाही. शटर साधारण दहा फुटांचं असतं, व्हरांडा त्याहून मोठा आहे.